ताप्तीची आत्या

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. माझा हात भांड्यांना सरावलेला आहे, पेनाला नाही. ओळ जिथे सुरू होते तिथून संपेपर्यंत खाली उतरलेली असते. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला चौथीत कळत नव्हतं आणि चौथीनंतर शाळाच नव्हती. मला पाचवीत घालायचं की धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवायचं, यावर आमच्या निंबोल्याच्या माहेरच्या घरात फार बोलणं झालं नाही. अडलं की मी ऐकू येतं तसं लिहिते. नातीच्या मागच्या वर्षीच्या वहीत कोरी पानं उरली आहेत, त्यांच्यावर लिहिते आहे. वही पिठाच्या डब्यामागे असते. कोणाला दाखवायची नाही.

कमलआत्या गेल्या त्याला चार महिने झाले. त्यांचा फोटो कोणाकडे नाही. आधार कार्डावर एक आहे, पण त्यात त्या ओळखूच येत नाहीत, कारण त्यात त्यांचं तोंड बंद आहे. म्हणून मी लिहायला बसले.

इतवारा मोहल्ल्यात आमच्या घराला लागून, जिना चढून वर, त्यांची एक खोली होती. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला. मूलबाळ नव्हतं. यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्याकडून सूत आणायचं, घरी चरख्यावर त्याच्या कांड्या, म्हणजे रिळं, भरायच्या आणि नगावर पैसे घ्यायचे, हे त्यांचं काम. सूत सतत फिरून त्यांच्या उजव्या अंगठ्याला एक चीर पडली होती, ती कधी भरली नाही. तोंडात लवंग. अंगाने इतक्या बारीक की लांबून शाळेतली पोरगी वाटायच्या.

कोणाकडेही गेल्या की त्या आपला पाट बगलेत घेऊन जायच्या. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला ते फार विचित्र वाटलं. एकदा धीर करून विचारलं. म्हणाल्या, "लोकाच्या पाटावर बसलं की लोकाचं ऐका लागते. आपल्या पाटावर बसलं की आपलं सांगता येते."

दुसरी सवय गाठीची. त्यांना लिहिता येत नव्हतं. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ मारायची. एका गाठीत लूमवाल्याचा हिशोब, एकीत कोणाच्या पोराचा ताप. सकाळी लुगडं बदललं की जुन्या पदरावरच्या गाठी मोजून तेवढ्याच नव्या पदरावर मारायच्या. काम झालं की गाठ सोडायची. मी हे रोज खिडकीतून पाहायचे. काही गाठी दोन दिवसांच्या असायच्या, काही महिन्याच्या. एक गाठ सात वर्षं होती. ती आमची होती.

तेव्हा त्या आत्या नव्हत्या. गल्लीला कमलबाई होत्या. त्यांना भाऊ नव्हता. "भाऊ नाही म्हणून भाचा नाही," त्या हसून म्हणायच्या. "साऱ्या दुनियेची बारशी जेवली, पण पाळण्यापाशी आत्या म्हणून कोणी बोलावलं नाही." आमच्याकडे बाळाचं नाव बापाची बहीण ठेवते. ती बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपके घालतात. एवढा एक मान त्यांना मिळाला नव्हता, आणि तो त्यांना फार हवा होता.

आता आमचं लिहायला पाहिजे. हात थांबतो, पण लिहिते.

माझं लग्न पंधराव्या वर्षी झालं. सोळाव्या वर्षी सारिका झाली. तेव्हा सासऱ्यांनी गल्लीत माव्याची जिलेबी वाटली होती. माझी ओटी भरायला एवढ्या बायका आल्या होत्या की चपला रस्त्यावर गेल्या. कोणी म्हणालं नाही की ही अजून पोर आहे. मीसुद्धा म्हणाले नाही. नंतर मला मूल झालं नाही.

सारिका सतराव्या वर्षात होती, दहावीला. एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि पोटावर दुपट्टा ओढत राहिली. मीच तिच्याकडे नीट पाहिलं आणि मला कळलं. पाचवा महिना होता. मुलगा केळीच्या गाड्या भरायच्या कामावर होता. दोन दिवसांत तो गाव सोडून गेला. त्याचं नाव या वहीत नको.

सारिकाचे बाबा कापडाच्या दुकानात कामाला आहेत. मोठ्याने बोलणारा माणूस नाही. तेव्हा ते आठ दिवस जेवताना ताटाकडेच पाहायचे. मग आम्ही दोघांनी ठरवलं. सारिकाला आम्ही विचारलं नाही. तिला कावीळ झाली म्हणून शाळेत सांगितलं आणि तिला आतल्या खोलीत ठेवलं. मी तेहेतीस वर्षांची होते. या वयात बाईला दिवस जातात. मी जुन्या सुती लुगड्याची घडी पोटाला बांधली आणि नळावर पाणी भरायला गेले. बाळ झालं की ते माझं म्हणून वाढवायचं आणि सारिका त्याची मोठी बहीण, असं ठरलं.

नळावर बायका हसल्या. समोरच्या रेखाबाई म्हणाल्या, "काय हो सुमनबाई, सोळा वर्षांनी जाग आली का?" मी लाजले. ते लाजणं खरंच होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. मी आधीपासून कमी बोलणारी, त्याचा असा उपयोग होईल हे मला माहीत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी मी लुगड्याला एक घडी वाढवत होते.

सातव्या महिन्यात रेखाबाईंनीच पुढाकार घेतला. एवढ्या वर्षांनी दिवस गेले म्हणून हौस. एका दुपारी आठ-दहा बायका खण-नारळ घेऊन न सांगता आल्या. मला पाटावर बसवलं, गजरा माळला. ओट्या भरू लागल्या. माझ्या पदरात तांदूळ पडत होते आणि आतल्या खोलीच्या दाराला कडी होती.

कमलबाई कोपऱ्यात आपल्या पाटावर बसल्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्या उठल्या नाहीत. माझ्याकडे पाहत होत्या. इतक्यात चुलीवरचं दूध उतू जायचा वास आला आणि मी उठून धावले. परत आले तेव्हाही त्या तशाच पाहत होत्या.

"मले पाणी पाहिजे," त्या म्हणाल्या.

मी आणते म्हणाले. "बस तू. मी घेते." त्यांनी आपलं ताट उचललं, खण, नारळ, तांदूळ सगळं, आणि सरळ आतल्या खोलीची कडी काढली. मी मागून गेले. बाहेर बायकांच्या गप्पा चालू होत्या.

सारिका भिंतीला टेकून बसली होती. कमलबाईंनी तिच्यासमोर बसून तिला कुंकू लावलं. तिचा दुपट्टा पुढे ओढला आणि त्यात पाच ओंजळी तांदूळ, खण आणि नारळ घातला. सारिकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती आवाज न करता रडायला लागली.

मला त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सातव्या महिन्याची बाई जमिनीवरून अशी उठते का? आधी हात टेकते, मग गुडघा धरते. तू तर शेळीसारखी उठली."

मी मागे हात करून दार लोटलं.

"नाटक करशील. बारसंही करशील. पण दूध हिले येईल, सुमन. दूध लपत नाही. लेकरू तुझ्या मांडीवर रडेल आणि हिचा पोलका भिजेल. जन्मभर आपल्या लेकराच्या तोंडून ताई म्हणवून घेईल. तुले चालेल?"

मी म्हणाले, "मग काय करू? लोक काय म्हणतील?"

"तुझं लेकरू झालं तेव्हा तू केवढी होती?"

मी सांगितलं, सोळा.

"मग? तेव्हा लोक काय म्हणाले? जिलेबी खाल्ली ना साऱ्यांनी? मीबी खाल्ली." मग त्या सारिकाकडे वळल्या. "तुले काय पाहिजे?"

दोन महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने दुपट्ट्यातला नारळ दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "मला शाळेत जायचंय. आणि बाळ माझं पाहिजे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

कमलबाई हसल्या. "हावरट आहे पोरगी. चालते."

त्या रात्री मी सारिकाच्या बाबांना सगळं सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. सकाळी मी पोटावरची घडी सोडली. नळावर जायचं म्हणून दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. तेवढ्यात कमलबाई हंडा घेऊन आल्या. त्यांच्या खोलीत नळ होता. त्यांना हंड्याची गरज नव्हती.

नळावर सगळ्यांनी वळून पाहिलं. माझं सपाट पोट सगळ्यांना दिसत होतं. रेखाबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनीच हौसेने माझी ओटी भरली होती. "बाळ कुठे ठेवून आल्या?" त्या म्हणाल्या.

कमलबाई हंडा नळाखाली ठेवत म्हणाल्या, "घरातच आहे. ज्याचं त्याच्यापाशी."

त्यानंतर दोन-अडीच महिने आमच्या दारात कोणी आलं नाही. कोणी भांडलं नाही, दगड मारला नाही. फक्त आमच्या दारापाशी आलं की लोक जरा जोरात चालायचे.

सरकारी दवाखान्यात वय सांगितलं की पोलिसांना कळवावं लागतं, हे आम्ही ऐकलं होतं. लपवायला तेही एक कारण होतं. कमलबाई सारिकाला घेऊन गेल्या. मी बरोबर होते, पण घेऊन त्या गेल्या. पोलीस बाई आल्या, विचारलं, लिहून घेतलं. सारिका सांगत असताना कमलबाईंनी तिचा हात धरला होता. पुढे कोर्टात जे झालं ते झालं, इथे लिहीत नाही.

बाळ दिवस भरायच्या आधी झालं. मुलगी. एवढीशी. डॉक्टर तिला खंडव्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. गाडी, औषधं, तिथे राहणं. आमच्याकडे होतं ते पहिल्या दोन दिवसांत संपलं. तिसऱ्या दिवशी कमलबाई बसने खंडव्याला आल्या. बगलेत पाट होता आणि पिशवीत चहाचा पत्र्याचा डबा. डब्यात आठ हजार रुपये होते, दहा-वीसच्या नोटासुद्धा.

"हे कसले?" मी विचारलं.

"माझ्या तेरवीचे. माझ्यामागे करणारं कोणी नाही. मेल्यावर कोणाचे उपकार नको म्हणून ठेवले."

मी हात मागे घेतला. त्या म्हणाल्या, "तुले देत नाही. सारिकाले देते. आणि उधार देते, दान नाही. दान घेतलं तर ही मान खाली घालून फिरेल. उधार घेतलं तर कमावून फेडेल." मग सारिकाला म्हणाल्या, "पूर्ण घेईन. एक रुपया सोडणार नाही. कबूल?" सारिका कॉटवर पडली होती. तिने मान हलवली. कमलबाईंनी पदराला गाठ मारली.

बारसं महिन्याने झालं, बाळ घरी आल्यावर. कोणाला बोलावलं नव्हतं. बोलावून कोणी आलं नसतं तर सारिकाला दिसलं असतं. पाळणा मागून आणला होता. सारिकाचे बाबा सकाळीच बाहेर निघून गेले. मला वाटलं, आता ते रात्रीच येतील.

कमलबाई नवं लुगडं नेसून आल्या. "नाव कोण ठेवणार?" मी म्हटलं. "आत्या कुठून आणू?"

"ही काय उभी आहे."

"पण तुम्ही त्या मुलाच्या..."

"मी त्याची कोणी नाही. मी हिची आत्या. मले भाऊ नाही, हिले बाप नाही. जमलं ना?"

त्यांनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. मग मान वर करून म्हणाल्या, "ताप्ती. आपली नदी, सूर्याची लेक. कोणी बाप विचारला तर वर बोट दाखवायचं." मग वाकून उभ्या राहिल्या. "मारा ना. आत्याच्या पाठीत धपका पडला नाही तर बारसं कसलं?"

मी हळूच हात लावला. "हा धपका आहे का? पीठ झटकते का? जोरात!" मी परत मारला, तोही तसाच. मला कधी कोणाला मारता आलेलं नाही. सारिका पहिल्यांदा हसली.

दारात सावली पडली. रेखाबाई होत्या. किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही. त्या आत आल्या, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि कमलबाईंच्या पाठीत असा धपका घातला की लवंग तोंडातून बाहेर पडली. "बारसं असं करतात का?" त्या म्हणाल्या. "रीतभात काही ठेवा." मग दुसरा घातला. तो रागाचा होता की मायेचा, मला अजून कळलेलं नाही. पण त्या जेवून गेल्या.

त्या गेल्यावर सारिकाचे बाबा आले. हातात जिलेबीचा पुडा होता. तो त्यांनी पाळण्याशेजारी ठेवला, हात धुतले आणि बाळाला पहिल्यांदा उचललं.

त्या दिवसापासून कमलबाई आत्या झाल्या. आधी आमच्या, मग गल्लीच्या.

सारिकाच्या शाळेत आत्या पाट घेऊन गेल्या तेव्हा मी पण गेले होते. आमच्याकडे शाळेतलं बोलणं हिंदीतच. मोठे सर म्हणाले, "दूसरी लड़कियों पर असर पड़ेगा।" आत्या म्हणाल्या, "पड़ने दो न साब। रात भर बच्चा रोता है और सुबह ये गणित करती है। देख लेंगी तो कोई लड़की ऐसी गलती नहीं करेगी।" सरांनी वर्गात बसू दिलं नाही. पण आत्या उठेनात, तेव्हा बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म दिला. सारिका दहावी पास झाली. दोन वर्षांनी बारावीही झाली. आता ती औषधांच्या दुकानात काउंटरवर आहे.

सहा वर्षांनी शाळेत ताप्तीचं नाव घालायला गेलो. आत्यांनी दिवसभर बसायची तयारी ठेवली होती. पाट, पाण्याची बाटली, भाकरी. रस्त्याने काय बोलायचं ते पुटपुटत होत्या. टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "माँ का नाम?" सारिकाने सांगितलं. मॅडमनी लिहिलं. "पिता का नाम?" मॅडमनी सारिकाकडे पाहिलं, मग ताप्तीकडे. ताप्तीने बोट वर केलं. मॅडमनी छताकडे पाहिलं, मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कोई बात नहीं। माँ का नाम काफ़ी है।" पाच मिनिटांत काम झालं. येताना आत्या रागावलेल्या होत्या. "एवढं भांडण पाठ करून आणलं होतं. वाया गेलं."

मधल्या वर्षांत आत्यांनी आणखी चार बाळांची नावं ठेवली. त्यातल्या एका बाळाच्या आईचं लग्न पंधराव्या वर्षी लावलं होतं आणि नवऱ्याने तिला टाकलं होतं. शेवटचं बाळ रेखाबाईंच्या भाचीचं. सांगायला रेखाबाई आमच्याच दारात आल्या. बराच वेळ भाजीच्या भावाबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या आत्याला जरा विचाराल का?" त्या बारशाला अकरा बायका होत्या. मी मोजल्या.

पण आत्या अशा पोरींचं कौतुक करायच्या नाहीत. गल्लीतल्या शाळेत जाणाऱ्या मुलींना दटावायच्या. कोणी म्हणालं, आजकाल हे सगळं चालतं, तर त्यांना राग यायचा. "काय चालते? त्या पोरीले विचार किती वर्षं झोपली नाही ते." कोणी चौदा-पंधराच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आणली तर त्या हातात घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "पाच वर्षांनी आण, नाचायले येईन." माझ्याकडे पाहून एकदा म्हणाल्या, "तुझ्या लग्नात मी नाचली होती, सुमन. तेव्हा मले अक्कल नव्हती." माझ्या त्या लग्नाबद्दल आजपर्यंत कोणी माझी माफी मागितली असेल तर ती एवढीच.

मागच्या हिवाळ्यात त्यांना उठवेना. आम्ही खाट आमच्याकडे आणू म्हणालो, त्या नको म्हणाल्या. मी दोन वेळा जेवण नेत होते. लुगडं मीच बदलायचे. पदरावर एकच गाठ उरली होती. ती नव्या पदरावर मारायला त्या मला सांगायच्या नाहीत, स्वतः मारायच्या. तीन-तीन मिनिटं लागायची.

सारिका दर महिन्याला जमेल तसे पैसे देत होती. कधी पाचशे, कधी शंभर. ताप्ती आजारी पडली की काहीच नाही. आत्या घ्यायच्या आणि डब्यात टाकायच्या. शेवटचे तीनशे राहिले होते. मला वाटायचं, आता त्या म्हणतील, राहू दे पोरी. एवढं जिने केलं ती तीनशेला काय धरून बसेल? मला थोडा रागही येत होता. आता तो लिहून टाकते.

त्या दिवशी रविवार होता. सारिका, ताप्ती आणि मी गेलो. सारिकाने शंभराच्या तीन नोटा दिल्या. आत्यांनी अंगठा ओला करून मोजल्या, एकेक उजेडात धरली. तिसरी बाजूला ठेवली.

"ही फाटकी आहे. बदलून आण."

"आत्या, चालते ही," मी म्हणाले.

"मले चालत नाही."

सारिका नोट घेऊन खाली गेली. खोलीत आम्ही तिघीच राहिलो. आत्या डोळे मिटून पडल्या होत्या. मग म्हणाल्या, "सोडून देऊ वाटलं तुले?"

मी हो म्हणाले.

"सोडले असते तर ती म्हातारी होईपर्यंत मनात राहिलं असतं, की कोणीतरी दया केली. आता नाही राहणार." मग म्हणाल्या, "आणि मले बी लागतील ना. तेरा दिवसांचा खर्च आहे. जिलेबी माव्याचीच पाहिजे."

ताप्ती त्यांचा हात धरून अंगठ्याची चीर पाहत होती. "दुखतं?" तिने विचारलं. "कांड्या संपल्या, आता कायले दुखेल?" आत्या म्हणाल्या.

जिना चढताना सारिकाला धाप लागली होती. ती धावत आली होती. नवी कोरी नोट तिने आत्यांच्या हातात दिली. आत्यांनी ती उजेडात धरली, पालटून पाहिली आणि बाकी दोन नोटांवर ठेवून डब्यात घातली. झाकण लावलं. मग पदर हातात घेतला. गाठ आवळलेली होती, नखाने सुटेना. मी पुढे झाले, तर त्यांनी मान हलवली. सारिका खाली बसली आणि दोघी मिळून सोडवू लागल्या. सुटली तेव्हा त्या जागी पदर चुरगळलेला होता. आत्यांनी तो तळहाताने सरळ केला.

"फिटले," त्या म्हणाल्या. "आठ हजार. पूर्ण."